लष्कराच्या भाकऱ्या
ग्रब हा बूटलोडर लिनक्सचा, त्यातलं सुरक्षेचं भोक २०२२ सालचं, आणि ते बुजवायचा उमाळा आला मायक्रोसॉफ्टला, १३ ऑगस्ट २०२४च्या अपडेटमध्ये. विंडोज आणि लिनक्स जिथे शेजारी नांदतात त्या मशीनच्या वाटेला हे अपडेट जाणार नाही, असं आश्वासनही होतं. पण गेलंच. उबंटू लिनक्स निवडलं की काळ्या पडद्यावर ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ उमटायचं आणि मशीन बंद. (निदान मशीन तरी खरं बोललं.) उतारा असा: आधी सिक्युअर बूट बंद करा, लिनक्समध्ये शिरा, अपडेटनं बसवलेलं, जुने बूटलोडर अडवणारं एसबॅटचं धोरण पुसा, मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. म्हणजे सुरक्षेच्या अपडेटमधून सुटायला पहिल्यांदा सुरक्षाच उतरवून ठेवायची! पक्की दुरुस्ती आली मे २०२५मध्ये, नऊ महिने भरल्यावर.