थांबायला कारण लागतं

पुण्यात माणसाची छाती पर्वतीवर मोजतात. "काका या वयातही रोज पर्वती चढतात" असं म्हटलं की काकांच्या तब्येतीबद्दल आणखी काही सांगावं लागत नाही. "हल्ली पर्वती बंद केलीय" म्हटलं, की ऐकणारा आवाज खाली आणून विचारतो, "हार्ट का?" हार्ट नव्हे, फुप्फुसं, असं सांगितलं की त्याची जरा निराशाच होते. बायपास झालेल्या माणसाकडे लोक आदराने बघतात. खोकणाऱ्याच्या शेजारची खुर्ची मात्र हळूच सरकते.

माझ्या दुखण्याचं नाव सीओपीडी. श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या आणि फुप्फुसांची लवचिकता गेलेली. औषधाने आराम पडतो, पण गेलेलं परत येत नाही. डॉक्टर लोकांकडे धाप मोजायची शून्य ते चार अशी एक पट्टी असते. जोराचा व्यायाम केल्यावरच धाप लागली तर शून्य, घाईने चालताना किंवा चढावर लागली तर एक, बरोबरीच्या माणसांच्या मागे पडायला लागलात तर दोन, सपाटीवर शंभरेक मीटरनंतर थांबावं लागलं तर तीन आणि कपडे बदलतानाही लागली तर चार. पुणेरी हिशेबात सांगायचं तर शून्यवाले सिंहगडावर जातात, एकवाले पर्वतीच्या १०३ पायऱ्या कुरकुरत चढतात, दोनवाले सारसबागेत फेऱ्या मारतात आणि तीनवाली मी कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जाते.

थांबायला माझी ना नाही. पण भर रस्त्यात सत्तरी उलटलेली बाई नुसतीच उभी राहिली की गर्दी जमते. "काय झालं काकू? चक्कर आली का? रिक्षा बोलावू?" या सगळ्याला उत्तर द्यायचं तर श्वास लागतो, आणि तो नाही म्हणूनच तर थांबलेली असते! म्हणून थांबायला कारण लागतं. लक्ष्मी रस्त्यावर अडचण नाही. साड्यांच्या काचेपुढे बाईमाणूस कितीही वेळ उभं राहिलं तरी कुणाला काही वाटत नाही. गल्लीत मात्र कष्ट पडतात. विजेच्या खांबावरच्या 'जागा भाड्याने देणे आहे' या चिठ्ठ्या मी अत्यंत गंभीर चेहऱ्याने वाचते. वाढदिवसांचे फ्लेक्स तर इतके वाचलेत, की आमच्या प्रभागातल्या सगळ्या भावी नगरसेवकांच्या जन्मतारखा मला पाठ आहेत. पुढच्या थांब्यावर फुलवाली बसते. तिला मी शेवंतीचा भाव विचारायची आणि उत्तर ऐकत ऐकत श्वास जमवायची. तिच्या ते लवकरच लक्षात आलं. आता मी दिसले की ती गजऱ्याचा दोरा दातात धरते, रिकामा क्रेट पालथा घालते आणि म्हणते, "बसा. भाव कालचाच आहे."

दुसरा ठरलेला प्रश्न सिगारेटचा. तो मला कुणी विचारत नाही. सगळे ह्यांच्याकडे बघतात. ह्यांनी आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलेलं नाही, तरी वर्षभर ते नातेवाइकांत आरोपी म्हणून वावरले. खरे आरोपी नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात होते. पहाटे बंब पेटायचा. त्यात गोवऱ्या, ढलप्या, मागल्या इयत्तेच्या वह्या, जे हाताला लागेल ते जायचं. स्वयंपाकघरात चूल आणि भुशाची शेगडी. फुंकणी घेऊन विस्तव फुलवायचं काम घरातल्या मुलींचं, आणि बाहेर फुंकलेल्यापेक्षा जास्त धूर आत यायचा. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये कधीही न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. त्यात चुलीच्या धुराला मानाचं पान आहे. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा ह्यांनी त्यांना आणखी एकदा, जरा मोठ्याने, सांगायची विनंती केली.

चूल गेली, गॅस आला, मग डासांची कॉइल आली. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात निघालं होतं. म्हणजे पानाच्या टपरीकडे बघून नाक मुरडणारी आमची सोज्वळ घरं रात्री दारंखिडक्या लावून पाकिटांवर पाकिटं फस्त करत होती!

लोकांना वाटतं, आम्हाला श्वास घेता येत नाही. खरी मेख सोडण्यात आहे. नळ्या अरुंद, त्यामुळे आतली हवा पुरती बाहेर पडत नाही. माळ्यावरचं जुनं सामान निघेना आणि नवं ठेवायला जागा होईना, तशातली गत. स्पायरोमेट्रीच्या तपासणीत नेमकं तेच मोजतात. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात आणि एरवी गोड बोलणारी तिथली मुलगी एकाएकी ओरडायला लागते, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, अजून!" मी नळी धरली ती थेट फुंकणीच्या सवयीने. फरक इतकाच, की इथे कितीही फुंकलं तरी काही पेटेना.

व्यायामही सोडण्याचाच. नाकाने श्वास घ्यायचा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून दुप्पट वेळ सोडत राहायचा. पण बागेतल्या हास्यक्लबचे एक गृहस्थ मला कुंभक शिकवायला टपलेले असतात. "श्वास धरून ठेवा वहिनी, बघा चमत्कार!" त्यांना कसं सांगू, की आपोआप धरला जातो हाच माझा आजार आहे? पंप घेतल्यावर दहा सेकंद, एवढाच कुंभक माझ्या वाट्याचा, त्यानंतर गुळण्या. माझी भाची आणखी पुढे गेली. "मावशी, शरीर तुला सांगतंय, सोडायला शीक. जुनं सगळं सोडून दे." मी तिला सांगितलं, मी फक्त हवा सोडते. १९७८ साली माझ्या सासूबाईंनी माझ्या पुरणपोळीला काय म्हटलं होतं, ते मी धरून ठेवलंय आणि त्याने छातीला काही त्रास होत नाही.

बाकी घर सरावलंय. सून स्वयंपाकघरातून "मिरची टाकतेय!" असं ओरडते आणि नातू धावत येऊन माझं दार लावतो. नेब्युलायझर विजेवर चालतो, आणि दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुधा गुरुवारी. त्यामुळे गुरुवारी सकाळी लवकर आमच्याकडे आधी वाफ, मग दत्ताची आरती. सणांपैकी धाक दिवाळीचा. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली सहा तऱ्हेचे फटाके जाळून त्यांचा धूर मोजला. पहिली आली नागगोळी! आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून घरोघरच्या आज्या जी कौतुकाने नातवंडांच्या हातात देतात तीच. जागतिक सीओपीडी दिन नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी असतो. बहुतेक वर्षी तेव्हा दिवाळी नुकतीच उरकलेली असते आणि आमच्या छातीच्या डॉक्टरांकडे बसायला जागा नसते.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा आणि वाक्यं खांडेकरी लांबीची असायची. आता एका श्वासात चारपाच शब्द बसतात, म्हणून शब्द निवडून घ्यावे लागतात. आधी प्रस्तावना गेली, मग "म्हणजे तसं बघायला गेलं तर" गेलं, मग सल्ले गेले. ह्यांच्या मते संसार सुखाचा झाला. रिक्षावाल्याशी आता भांडत नाही. मीटरकडे बोट दाखवते आणि त्याच्याकडे बघत राहते. हे पूर्वीच्या भांडणापेक्षा जास्त लागू पडतं. पुण्याबाहेरच्यांना यात आजार दिसतच नाही. त्यांना वाटतं, बाई इथलीच आहे.

वाचवलेला श्वास मग कुठे घालवायचा? डॉक्टर म्हणतात, चालण्यात घालवा. रोज थोडं वाढवा. ते मी करते. पण खरं सांगायचं तर मला तो गप्पांत घालवायला आवडतो. चालणं आणि बोलणं दोन्ही एकदम परवडत नाही, एवढंच. तेव्हा रस्त्यात मी समोरून येताना दिसले आणि तुमच्या "कशा आहात?"ला नुसती मान हलवून पुढे गेले, तर शिष्ट म्हणू नका. चार पावलं माझ्याबरोबर या. पुढच्या कोपऱ्यावर एक पालथा क्रेट आहे. तिथे मी बसले, की मग तुमच्या अंगात उभं राहायचं किती बळ आहे ते बघू.