दुसरा पेपर

एकाच वर्तमानपत्रावर भागवणारी माणसं मला फार सुखी वाटतात. सकाळी चहाबरोबर जे छापून आलं ते जग, आणि ते रात्रीपर्यंत तसंच टिकतं. आमच्याकडे दोन येतात. त्यातल्या दुसऱ्याने फक्त रद्दी वाढते, असं घरच्यांचं मत आहे. रद्दीच्या भावाचा विचार केला तर ते चूकही नाही.

पण कांद्याचंच घ्या. लासलगावला भाव चढला की शहरातला पेपर ‘कांद्याने आणलं डोळ्यांत पाणी’ म्हणून गळा काढतो. त्याच दिवशी नाशिककडच्या पेपरात ‘कांदा उत्पादकांना दिलासा’ असतो. भाव कोसळला की रडण्याची पाळी बदलते. क्विंटलमागचा आकडा दोघांचाही तोच, खोटं कुणीच बोललेलं नाही. एकाचा वाचक कांदा चिरतो आणि दुसऱ्याचा तो पिकवतो, एवढंच. म्हणून शहरात बसून गावाकडची आवृत्ती वाचणं हा माझा आवडता उद्योग आहे.

सभेच्या गर्दीचं मात्र असं जमत नाही. आयोजक लाखांत बोलतात, पोलीस हजारांत. आमचे एक शेजारी दोन्ही आकड्यांची सरासरी काढतात आणि सत्य हाती लागल्याच्या समाधानात अंघोळीला जातात. दोघांनीही न मोजलेल्या माणसांची सरासरी!

आणि पेपर दोन म्हणजे साक्षीदार दोन, असंही नाही. २२ मार्च १९७९ ला जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक रुग्णालयात आजारी होते. तिकडे दिल्लीत पंतप्रधान मोरारजी देसाईंनी ते गेल्याचं लोकसभेत जाहीर केलं. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली. आकाशवाणीनेही बातमी दिली. सामान्य माणसाने याहून जास्त खातरजमा ती काय करायची? एकीकडे संसद, दुसरीकडे रेडिओ. एवढं सगळं होईपर्यंत पेडर रोडवरच्या जसलोकमध्ये जयप्रकाशजींचा श्वास व्यवस्थित चालू होता. पुढे ते ८ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे लोकसभेच्या श्रद्धांजलीनंतर साडेसहा महिने जगले. ऐकणाऱ्याला दोन भारदस्त आवाज ऐकू आले, पण त्यांतला एकही खाटेजवळून आलेला नव्हता. त्या दिवशी जसलोकमधल्या एखाद्या वॉर्डबॉयला देशाच्या पंतप्रधानांपेक्षा जास्त माहिती असणार.

पाच वर्षांनी त्याच आकाशवाणीने दुसरं टोक गाठलं. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. त्या गेल्याचं आकाशवाणीने सांगितलं संध्याकाळी. बीबीसीने ते केव्हाच सांगून टाकलं होतं. बंगालच्या दौऱ्यावर असलेले खुद्द राजीव गांधीही बीबीसीच ऐकत होते. पंतप्रधानांच्या मुलाने घरचा रेडिओ सोडून परक्या केंद्रावर सुई न्यावी, यापुढे आकाशवाणीवर वेगळी टीका करायची गरज नव्हती. पण म्हणून बीबीसी म्हणेल ती पूर्व दिशा, असंही मला वाटत नाही. लपवण्याचं कारण ज्याच्याकडे नसतं त्याला त्या एका बातमीपुरता लवकर आवाज फुटतो. त्याच्या स्वतःच्या घरची बातमी असेल तेव्हा आपण दुसरीकडे सुई फिरवावी.

कोण कुठे घसरतो हे कळायला बराच सहवास लागतो. माझ्या दोन पेपरांपैकी एक निवडणुकीत हुरळतो आणि दुसरा पावसाळ्यात. मतमोजणीच्या सकाळी कोणता आधी उघडायचा आणि मान्सून केरळात आला की कोणता मिटून ठेवायचा, हे आता ठरून गेलंय. अग्रलेख मी दोघांचेही वाचतो, पण ते बातमीसाठी नाही. ज्यावर आज मौन पाळलंय ते काय, हे शोधण्यासाठी.

हल्ली घरात पेपरांपेक्षा आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप जलद आहे. एखादा म्हातारा नट तिथे वर्षातून दोनदा तरी जातो. मामा हात जोडतात, वहिनी दिवा लावते, भाचे ‘भावपूर्ण’ लिहून मोकळे होतात. एकटी मावशी तेवढी विचारते, ‘‘अरे, नक्की ना?’’

आणि लगेच पाच जणांचं एकच उत्तर येतं, ‘‘हो, मलाही आलाय मेसेज.’’