एका वेलांटीचे पंधरा रुपये

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून घरबसल्या मिळतो, हे मला माहीत होतं. पण शाई आणि गोल शिक्का नसलेल्या कागदावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मात्र पीककर्जासाठी उतारा हवा होता, कारंज्याचं ऊन मी म्हणत होतं, आणि तलाठ्याकडे पोहा वेशीपलीकडे पायी जायचं म्हटल्यावर माझा तंत्रज्ञानावर एकाएकी विश्वास बसला. १५ रुपये भरले, उतारा उघडला, तर सहीच्या जागी भलंमोठं पिवळं प्रश्नचिन्ह!

आजोबांपासूनची जमीन, आणि सरकारलाच शंका? चष्मा पुसून सगळा उतारा वाचला, तेव्हा वडिलांच्या नावात दीर्घ वेलांटी ऱ्हस्व पडलेली दिसली. तुम्हाला म्हणून सांगतो, जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला अशी वेलांटी रात्री झोपू देत नाही. शंकेचं मूळ हेच, असं ठरवून मी एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी दुरुस्त केली, फाइल सेव्ह केली आणि मोठ्या कौतुकानं पुन्हा उघडली. प्रश्नचिन्ह गेलं होतं.

तिथे आता तांबडी फुली होती.

"काकाजी, सरकारी कागदाले हात कायले लावला?" पुतण्या कपाळावर हात मारून म्हणाला. मग त्यानं मला समजेल असं सांगितलं. डिजिटल सही म्हणजे सहीचा फोटो नव्हे. संगणक अख्ख्या मजकुराचा ६४ अक्षरी ठसा काढतो आणि सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीनं तो बंद करतो. आपला संगणक सार्वजनिक किल्लीनं तो उघडतो, मजकुराचा ठसा नव्यानं काढतो आणि दोन्ही ताडून पाहतो. एक वेलांटी हलली, की सगळा ठसा बदलतो. प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच होता, की सही करणाऱ्याची हमी कोणाची, हे माझ्या संगणकाला ठाऊक नव्हतं. ती हमी देते परवानाधारक प्रमाणन संस्था, आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार त्या संस्थेची हमी देतो दिल्लीचा नियंत्रक.

"आणि नियंत्रकाची?"

"त्याची तोच देते."

आमच्या घरात ही व्यवस्था लग्नापासून आहे, हे मी बोललो नाही. स्वयंपाकघर जवळ होतं.

पुन्हा १५ रुपये भरले, वेलांटी चुकलेलाच उतारा काढला. छापील प्रतीत किल्ल्यांचं गणित उतरत नाही, म्हणून तिच्यावरचा पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून खात्री करायची, हेही शिकलो. मग जाता जाता पुतण्यानं सांगितलं, की प्रत्येक कागदाचा ठसा वेगळा, म्हणून डिजिटल सहीही दर कागदावर वेगळी निघते, आणि तरी कायद्यानं ती खरी. हे ऐकून मला फार धीर आला. कर्जाच्या अर्जाच्या पानापानावर मीही वेगवेगळीच सही केली होती.

साहेबांनी अर्ज परत केला.