पारावरचे आहारतज्ज्ञ

पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी युसूफ वडगावातली पोरं पहाटे रस्त्यावर पळतात. त्यांचे आहारतज्ज्ञ मात्र पारावर बसलेले असतात. कुणी सांगतं कच्ची अंडी, कुणी भिजवलेले हरभरे, कुणी ग्लुकोजचा अख्खा पुडा. आता मोबाईलनं पास्ताही सुचवलाय! अहो, पास्ता खाऊन शरीरातली साखरेची कोठारं भरायची ती दीड तासाहून जास्त पळणाऱ्यांनी. पाच-सहा मिनिटांच्या धावेला रात्रीची वरण-भाकरी पुरते. सकाळी फार तर एक केळं, तेही तासभर आधी. बाकी वेग येतो तो पळूनच. आपल्याच जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळवलं. लहानपणी तो शाळेलाही पळतच जायचा. तेव्हा पोरांनो, सल्ला देणाऱ्याला आधी एक फेरी मारायला लावा, मगच त्याचं ऐका.