ऐंशी टक्के, पण कोणाचे?

जिल्ह्याच्या गावाला एसटी स्टँडबाहेर पाऊल टाकलं की पहिला दिसतो तो टेस्ट ट्यूब बेबी सेंटरचा फ्लेक्स. गोरंगोमटं बाळ (आपल्या तालुक्यातलं तर नक्कीच नव्हे), शेजारी हाताची घडी घातलेले डॉक्टर आणि खाली ठळक अक्षरांत ‘यशाचं प्रमाण 80 टक्के’. त्याखाली ‘ईएमआयची सोय’. फक्त बाईचं वय कुठेच नाही. एसटीच्या पाटीवर गावाचं नाव रंगवावं आणि सुटायची वेळ पुसून टाकावी, तसा प्रकार.

हा विसरभोळेपणा नव्हे, हिशेब आहे. आयव्हीएफमध्ये यश सगळ्यांत जास्त ठरतं ते स्त्रीबीजाच्या वयावर. मुलगी जन्माला येते तीच दहा ते वीस लाख बीजं घेऊन. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, सदतिशीच्या आसपास पंचवीसेक हजार. नवीन एकही तयार होत नाही. बरं, उरलेलीही बाईच्याच वयाची. त्यांच्यात गुणसूत्रांची वाटणी चुकायचं प्रमाण वाढत जातं. म्हणून चाळिशीत गर्भ राहणं अवघड आणि राहिला तरी टिकणं अवघड. इंजेक्शनांनी एका महिन्यात दहा बीजं पिकवता येतात, पण त्यांचं वय उतरवणारं इंजेक्शन अजून निघालेलं नाही.

ब्रिटनमध्ये सरकारी नियामक संस्था वयानुसार आकडे जाहीर करते. स्वतःचं बीज वापरलं तर गर्भाशयात सोडलेल्या दर गर्भामागे मूल जन्मायचं प्रमाण पस्तिशीच्या आत साधारण तिनात एक, चाळीस ते बेचाळीसमध्ये दहात एक आणि त्यापुढे विसात एकाच्या आसपास. मग आपल्या स्टँडबाहेरचे 80 कुठून आले?

येतात, मोजायची पद्धत जमली की येतात. गर्भ राहिल्याची रक्तचाचणी, म्हणजे ‘बीटा’, पॉझिटिव्ह आली की यश धरायचं; पुढे आठव्या आठवड्यात ठोके थांबले तर तो नशिबाचा भाग. ज्यांचा गर्भच तयार झाला नाही, त्यांना हिशेबातच घ्यायचं नाही. आणि ‘डोनर एग’वाल्या सगळ्या याच बेरजेत ढकलायच्या. ही शेवटची युक्ती सगळ्यांत गुणाची. काउन्सेलिंगच्या खोलीत फाइल उघडते, एएमएचच्या, म्हणजे उरलेल्या बीजांचा अंदाज देणाऱ्या चाचणीच्या, आकड्यावर पेनाचं टोक टेकतं, आवाज एक पट्टी खाली येतो, “मॅडम, आपण एग बाहेरून घेऊ या.” कायद्याने बीज देणारी बाई 23 ते 35 वयाचीच हवी. पिशवी बेचाळीसची असली तरी बीज सत्तावीसचं असेल, तर शक्यता सत्तावीसची. त्यात गैर काहीच नाही, कित्येक घरांत त्यामुळेच पाळणा हलला. पण फ्लेक्सवर ते लिहा की राव!

2019 साली गुंटूरमध्ये सत्तरी ओलांडलेल्या आजीबाईंना जुळ्या मुली झाल्या, तेव्हा देशभर मथळे झळकले. बीज दुसरीचं होतं. त्या दुसरीच्या वयाची बातमी झाली नाही. 2021च्या कायद्याने आता या उपचारांना बाईसाठी पन्नाशीची आणि पुरुषासाठी पंचावन्नची मर्यादा घातली आहे. कायद्यालाही पुरुष पाच वर्षं जास्त टवटवीत वाटतो.

सासरचं तर विचारूच नका. “आधी फ्लॅटचं बघा, मग मुलाबाळांचं,” म्हणणारी मंडळीच पुढे “करिअर करत बसली” म्हणतात. होम लोनवर दोघांची नावं, वय मात्र एकटीचं. तिची सोनोग्राफी झाली, नळ्यांची तपासणी झाली, वशाटाच्या वारांसकट उपास झाले, तरी चिरंजीवांची वीर्यतपासणी ‘पुढच्या महिन्यात बघू’वरच. साधारण एक तृतीयांश जोडप्यांत अडचण पुरुषाकडे असते. वय त्याच्याही बीजाला लागतं, फक्त उतार सावकाश. आणि “आमच्या आजीला बेचाळिसाव्या वर्षी शेंडेफळ झालं,” हे उदाहरण तर फेकून द्या. त्या शेंडेफळाच्या आधी किती बाळंतपणं झाली होती, ते आजोबांना विचारा.

राहिलं बीज गोठवणं. माजी मिस वर्ल्ड डायना हेडन हिला जानेवारी 2016 मध्ये मुंबईत मुलगी झाली, ती आठ वर्षं आधी गोठवलेल्या बीजापासून. आई 42ची, बीज आठ वर्षांनी लहान. सोय चांगली आहे, पण पस्तिशीच्या आत केली तर. एकोणचाळिसाव्या वर्षी गोठवलेलं बीज एकोणचाळीसचंच राहतं, हे पॅकेज विकणाऱ्याला माहीत असतं. विकत घेणारीलाही माहीत असावं.

तेव्हा पहिल्या चेकवर सही करायच्या आधी समोरच्या खुर्चीला एवढंच विचारा: गेल्या वर्षी माझ्या वयाच्या किती जणींनी इथे उपचार सुरू केले आणि त्यांतल्या किती जणी स्वतःच्या बीजाचं बाळ घरी घेऊन गेल्या? यशाची शक्यता किती हे सांगणं 2021च्या कायद्याने सेंटरवर बंधनकारक आहे. आकडा तोंडी घेऊ नका, लेटरहेडवर मागा.