मुका टीव्ही, खणखणीत नाना

दुपारी एक ते चार सदाशिव पेठेत नुसती दुकानंच मिटलेली नसतात, माणसंही मिटलेली असतात. आमच्याकडे नेमका तेव्हाच टीव्ही लागतो, आणि नानांना कमी ऐकू येत असल्यामुळे तो खालच्या मजल्यावरही लागतो. कानाचं यंत्र घ्या म्हटलं, तर ते म्हाताऱ्यांसाठी असतं म्हणाले. शेवटी जिन्यात पाटी झळकली : ‘टीव्ही आपला आहे. कान आमचे आहेत.’

पाटीला पाटीनंच उत्तर द्यायचं, हा पेठेतला रिवाज. पण मी पडलो तंत्रज्ञानाचा माणूस, म्हणजे घरातला रिमोट माझ्याकडे असतो. सेटिंगमध्ये शिरून आवाज बंद केला, क्लोज्ड कॅप्शन चालू केलं आणि सगळ्यांना समोर बसवून व्याख्यान झोडलं. ही अक्षरं हवी तेव्हा दाखवता येतात, नको तेव्हा झाकता येतात. मुळात ती ऐकू न येणाऱ्यांसाठी, म्हणून दाराची बेलसुद्धा लिहून येते. अमेरिकेत १९८० सालीच हे सुरू झालं. आपल्याकडे अहमदाबादच्या ब्रिज कोठारींनी १९९६ पासून वेगळाच ध्यास घेतला : हिंदी गाण्याखाली हिंदीच ओळी द्यायच्या, म्हणजे गुणगुणता गुणगुणता लोकांचं वाचन सुधारतं. ‘चित्रहार’मध्येही तशा ओळी येऊ लागल्या.

“म्हणजे आता तू मला साक्षर करणार?” नाना म्हणाले.

नाना निवृत्त मुख्याध्यापक. अशा माणसापुढे मजकूर ठेवू नये. अक्षर दिसलं की ते वाचतात, आणि वाचतात तेही शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. ओटीटीवरची हिंदी मालिका, नायिका नुसती पुटपुटली, नाना गरजले, “मैं तुम्हारे बिना जी नहीं सकती!” दुसऱ्या दिवशी खालच्या काकूंनी आईकडे जरा निराळ्याच नजरेनं पाहिलं म्हणे. आईला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा सापडत नाही, त्यामुळे तिच्या “काय म्हणाली?”वर तेच वाक्य पुन्हा, आणखी वरच्या पट्टीत. विनोदी प्रसंगात अक्षरं आधी उमटतात, नाना आधी हसतात आणि नट बिचारा मागाहून तोंड हलवतो.

खरा घात केला कंसातल्या मजकुरानं. “बादलों की गड़गड़ाहट!” नानांनी इतक्या गांभीर्यानं जाहीर केलं की स्वयंपाकघरातली आई हातातलं टाकून गच्चीवर धावली. वर कुरडया घातल्या होत्या. रणरणत्या उन्हात तिनं त्या ओल्याच सोडवल्या, पदरात कोंबल्या आणि खाली आणल्या तेव्हा सगळ्यांचा मिळून एकच लगदा झाला होता. तो तिनं माझ्यापुढे ठेवला. नानांपुढे नाही.

मलाही आता वाचल्याशिवाय ऐकू येईनासं झालंय. परवा बालगंधर्वला नाटक होतं. अख्खा पहिला अंक मी रंगमंचाच्या खालच्या कडेकडे बघत काढला. मध्यंतरात हिनं विचारलं, “कळतंय ना?” मी म्हटलं, हल्लीच्या नटांचे उच्चार पूर्वीसारखे राहिले नाहीत. नाना मात्र नाटकाचं पुस्तक घरूनच वाचून आले होते. बटाटेवड्याच्या रांगेत त्यांना माझी दया आली आणि त्यांनी मला दुसरा अंक शेवटापर्यंत सांगितला. आमच्या पुढे-मागे निदान पन्नास माणसं उभी होती.