लाल दिव्याची गाडी

लाल दिव्याची गाडी आपल्याकडे असावी, ही माझी फार जुनी इच्छा. पण १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्याच गाड्यांवरचे दिवे उतरले, तिथे माझी काय कथा! तरी मला तो मिळाला. टपावर नाही, स्टिअरिंगच्या मागे; खंबाटकीच्या ऐन चढावर, सासू-सासरे मागे बसलेले असताना.

“जावईबापू, ते लाल काय पेटलंय?”

सकाळी इंजिन थंड असताना आमच्या गाडीत तापमानाचं हेच चित्र निळं असतं. हे मी त्यांना ज्या सुरात सांगितलं, त्या सुरात लोक सत्काराला उत्तर देतात. एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला. भर मे महिन्यात. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनातली उष्णता तो आत आणून सोडतो. थोडक्यात, इंजिनाऐवजी सासूबाई तापतात.

जागा मिळताच गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. ते ठेवावेच लागतात, त्याशिवाय इंजिन निवत नाही. एक गृहस्थ म्हणाले, कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. तापलेल्या गाडीत ते उघडायचं नसतं. आत दाब असतो, म्हणून तर शंभर अंशांवर जाऊनही कूलंट उकळत नाही. झाकण फिरवलं की सगळं तोंडावर येतं. मग एक ट्रकवाले काका आले. “गळतंय ना? चमचाभर हळद टाका.”

इथे सासूबाई गाडीतून उतरल्या. माहेर सांगलीचं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते सरकारला फार उशिरा सुचलं असं त्यांचं मत आहे. कापलं की हळद, घसा बसला की हळदीचं दूध, लग्न ठरलं की हळद; मग गाडीनेच काय घोडं मारलंय? बरं, तत्त्व चुकीचं नाही. पूड पाण्याबरोबर फिरते, भोकाशी जाऊन बसते आणि गळती धरते. फक्त गळणारं भोक कोणतं आणि रेडिएटरच्या बारीक नळीचं तोंड कोणतं, हे हळदीला कळत नाही. ती दोन्ही बुजवते. हे मी सांगेपर्यंत पिशवीतून पुडी निघालीसुद्धा. “घरची आहे,” त्या म्हणाल्या, “भेसळीची नाही.” अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं पाणी अशा कूलंटमध्ये हळद घरचीच हवी का, यावर सासरे आणि काका यांची चर्चा रंगली. हिंग-मोहरी तेवढी राहिली.

इंजिन पुरतं निवल्यावर टाकीत प्यायचं पाणी ओतलं आणि कसेबसे मिस्त्रींकडे पोचलो. वाटेत मी ‘हेड गॅस्केट’ हे निदान तयार ठेवलं होतं. माणसाला आजारसुद्धा भारदस्त लागतो. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण काढून पाहिलं. गॅस्केट गेलं की तिथे बऱ्याचदा दुधाळ साका धरतो. नव्हता. मग टाकीच्या तोंडाला हातपंप लावून त्यांनी दाब भरला. काटा हळूहळू उतरू लागला आणि खालच्या होज पाइपच्या टोकाशी एक गुलाबी थेंब फुगला. भोवती जुनी, पांढुरकी पापडी. त्यांनी थेंब बोटांत चोळला. बुळबुळीत. एसीचं पाणी असं लागत नाही.

“क्लिप ढिली झालीय साहेब. बरेच दिवस गळतंय हे. पार्किंगमध्ये डाग पडत असेल बघा.”

पडला होता. डागाला लागूनच सोसायटीची काळी झोपली होती. दुपारची तिची जागा माझ्या गाडीखालचीच. कूलंट चवीला गोड असतं. कुत्री चाटतात. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं जातात. काही तासांत डॉक्टर गाठला तरच निभावतं. मी मात्र घाटापासून घरापर्यंत फक्त सासऱ्यांपुढे शोभा झाली का, याचाच हिशोब करत आलो होतो. हाक मारली तर काळी उठेना. पुन्हा मारली. मग तिने एक डोळा उघडला, सावकाश आळस दिला आणि पोळी आणलीय का ते हुंगून पाहिलं. मी तिथेच खाली बसलो.

संध्याकाळी गुडघ्यांवर बसून ती जागा साबणाने घासून काढली. शेजारी थांबून म्हणाले, “काय, गाडी विकताय?”

काळी हल्ली त्यांच्या गाडीखाली झोपते. त्यांची नवी आहे.